शब्दकोड्याची मुद्रणप्रत

आपल्या शाळेत शब्दकोडी सोडविणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. रचणारे त्या मानाने थोडे. आणि रचलेले कोडे प्रकाशकाच्या हाती नीट रीतीने देणारे तर माझ्या पाहण्यात जवळजवळ नाहीतच. या शेवटच्या गोष्टीविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. माझ्या एका सहकाऱ्यांनी तर बोलूनच दाखविले की, "अहो, कोडे म्हणजे घटकाभराची करमणूक. तिच्या कागदांचा एवढा काथ्याकूट कशाला?" त्यांस उत्तर म्हणून मी प्रथम एक हकीगत सांगतो. तीत दोषाचा मोठा वाटा माझा आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. देवबागेकडून, म्हणजे एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवरून, शाळेस येणारा नववीतील एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, कोडां पुरां झालां." चौकडीच्या वहीत पेन्सिलीने आखलेली, नऊ आडव्या व नऊ उभ्या घरांची ती चौकट होती. मुलाचे आजोबा जन्मभर रापणीवर राबलेले. त्यांच्याजवळ बसून त्याने शब्द जमविले होते: सुरमई, बांगडा, खाडी, चुडत, सोलकढी, दशावतार. 'मालवण' आडवा, 'रापण' उभा, आणि दोघांची गाठ 'ण'वर पडलेली. ती गाठ पाहून मला इतका आनंद झाला की बाकीचे मी नीट पाहिलेच नाही. "छान आहे, पाठवून दे," एवढे बोलून मी मोकळा झालो.

त्याने ते एका नियतकालिकाच्या मुलांच्या पानाकडे पाठविले. कसे पाठविले ते मला मागाहून कळले. वहीच्या पानाचे मोबाईलवर छायाचित्र काढले. वडिलांनी बाजारातील एका दुकानात संकेत टंकून घेतले व ती फाईल सोबत जोडली. उत्तरे भरलेली चौकट त्याने मुद्दामच पाठविली नाही. का, तर उत्तर आयते हाती दिल्यावर ते लोक कोडे सोडवतील कशाला!

कोडे छापून आले. घरी पाच अंक आणले गेले. आजोबा चष्मा लावून, पेन्सिल घेऊन ओटीवर बसले आणि थोड्याच वेळात अडले. 'किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे' असा संकेत होता, आणि त्या आकड्यापुढे घरे होती दोनच. ज्या माणसाचे तळहात रापणीच्या दोराने राठ झाले त्यास 'रापण' हा शब्द बसविता येईना. त्यांनी नातवाकडे पाहून विचारले, "झिला, माझां चुकतां की तुझां?" मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर कित्येक महिने त्याने वहीत एकही चौकट आखली नाही.

नियतकालिकाकडे बोट दाखविणे सोपे होते, आणि पहिल्या दिवशी मी तेच केले. नंतर त्याने पाठविलेली सामग्री समोर घेऊन बसलो, तेव्हा माझा आवाज खाली आला. छायाचित्र काढताना हाताची सावली एका पांढऱ्या घरावर पडली होती. ज्याने त्यावरून चौकट पुन्हा आखली त्याने ते घर काळे धरले. त्यात त्याची चूक ती काय? यंत्राने नव्या चौकटीप्रमाणे नवे आकडे घातले. संकेतांपुढील आकडे मात्र मुलाचे जुनेच राहिले.

येथे थोडे थांबून हे आकडे कसे पडतात ते सांगितले पाहिजे, कारण कोडी सोडविणाऱ्यांपैकी पुष्कळांस ते ठाऊक नसते. आकडे कोणी मनाने घालीत नाही. वरच्या ओळीपासून आरंभ करून, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचीत जावयाचे. ज्या पांढऱ्या घरापासून आडवा किंवा उभा शब्द सुरू होतो त्यास पुढचा आकडा द्यावयाचा. दोन्ही शब्द तेथूनच सुरू होत असले तरी आकडा एकच. म्हणजे एक घर काळ्याचे पांढरे किंवा पांढऱ्याचे काळे झाले की त्याच्या पुढचे सारे आकडे सरकू शकतात. भरलेली चौकट शेजारी असती तर ही चूक कोणाही मनुष्यास अर्ध्या मिनिटात दिसली असती. ती आम्ही दिली नव्हती.

दुसरी फजिती तर अधिक मजेची, अर्थात ज्याच्यावर ओढवली नाही त्यास. संकेत होता 'दर्यातील किल्ला', अक्षरे चार. छापून आले 'दऱ्यातील किल्ला'. ज्या जलदुर्गाचे काम शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सुरू केले, तो एका रफाराच्या फरकाने डोंगरदऱ्यांत जाऊन बसला! याचे कारण त्या दुकानातील टंकलेखनाची जुनी पद्धत. त्या पद्धतीच्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांस देवनागरी दिसतात, परंतु आत रोमन अक्षरांचीच चिन्हे साठविलेली असतात. आणि तो ठरावीक फाँट ज्याच्या यंत्रात नाही त्याच्यापुढे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उभी राहते. मग कोणीतरी ती घाईने रूपांतरित करतो, नाहीतर अंदाजाने पुन्हा टंकतो. युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुरात हा घोळ होत नाही. त्यात 'र्या' आणि 'ऱ्या' निरनिराळे साठविले जातात. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, आणि त्याच्या जोडीस, आपल्याला तो जसा दिसतो तसाच दुसऱ्यासही दिसावा यासाठी, त्याची पीडीएफही द्यावी. कागदावर लिहून पाठवावयाचे असेल तर जुनाच नियम पुरे: पाठकोरा कागद, रुंद समास, सुवाच्य अक्षर, प्रत्येक पानावर नाव व पत्ता.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लेखणी उचलली त्याकडे वळतो. इंग्रजी कोडे रचणारास घराचा प्रश्नच पडत नाही. सव्वीस अक्षरे, एका घरात एक. मराठीत घर कोणाचे? आपली रीत अशी की कानामात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व जोडाक्षर यांसह जे एक अक्षर होते ते एका घरात राहते. 'सिंधुदुर्ग' हा शब्द सिं, धु, दु, र्ग असा चार घरांचा. रफार तोडून वेगळ्या घरात ठेवता येत नाही. ही गोष्ट आपणांस इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती लिहून देण्याची गरज भासत नाही. पण जेथे दोन शब्द एकमेकांस छेदतात तेथे ती एकदम कडक होते. आडव्या शब्दातील 'धु' आणि उभ्या शब्दातील 'धू' ही दोन भिन्न अक्षरे आहेत, आणि घर एकच आहे.

आमच्या देवबागच्या मित्राने नेमके हेच केले होते. त्याच्या चौकटीत 'सिंधुदुर्ग' आडवा होता आणि त्याच्या दुसऱ्या घरात वरून 'साधू' उतरत होता. मराठीच्या लेखनविषयक नियमांप्रमाणे, जे १९६२ मध्ये ठरले आणि ज्यांत १९७२ मध्ये भर पडली, तत्सम शब्दाचा अन्त्य उकार दीर्घ लिहावयाचा: साधू, गुरू, सिंधू. तोच शब्द समासाचे पूर्वपद झाला की मूळचा ऱ्हस्व उकार परत येतो: साधुसंत, गुरुवर्य, सिंधुदुर्ग. आपल्या जिल्ह्याच्या नावातच हा नियम कोरलेला आहे, आणि तरी तो आपल्या डोळ्यांस दिसत नाही. मला तरी त्या दिवशी दिसला नाही. गमतीची गोष्ट अशी की, जुन्या पुस्तकांत 'साधु' असा ऱ्हस्व उकार सर्रास छापलेला आढळतो. म्हणजे आजोबांच्या लहानपणीची पुस्तके प्रमाण धरली तर नातवाचे कोडे बिनचूक ठरले असते!

कोणी म्हणेल की कोड्यात ऱ्हस्वदीर्घाची सूट असावी, नाहीतर मराठीत कोडी रचणेच कठीण होईल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु सूट घ्यावयाची तर ती उघडपणे घ्यावी. 'या कोड्यात ऱ्हस्वदीर्घ भेद मानलेला नाही' असे वर स्पष्ट लिहावे. लपून घेतलेली सूट ही चूकच होय. शाळेच्या अंकापुरते माझे मत विचाराल तर ही सूट मुळीच देऊ नये. मुलगा शब्द बदलण्यासाठी अर्धा तास धडपडला तर त्या अर्ध्या तासात तो शुद्धलेखनाचे जितके शिकेल तितके मी त्यास महिनाभरात शिकवू शकत नाही.

याच कारणाने मराठी चौकटीत काळी घरे इंग्रजीपेक्षा अधिक येतात. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. अमेरिकेतील 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या दैनिक कोड्यास पंधरा बाय पंधराची चौकट लागते आणि तीन अक्षरांहून लहान शब्द तेथे चालत नाही. तो नियम जसाच्या तसा आपण उचलला तर माड, होडी, खाडी, सारेच चौकटीबाहेर जाईल. मग मालवणच्या कोड्यात उरले काय? दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालण्यापूर्वी आपले खांदे मोजून पाहावेत.

छापखान्यातील फजितीचा मान मात्र आपल्याकडे प्रथम येत नाही. आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत आले. ते आर्थर विन या लिव्हरपूलच्या गृहस्थांनी रचले होते. त्यांनी त्यास नाव दिले 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांतच छापताना दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हे उलटे नावच जगभर रूढ झाले. पुढे १९२० च्या सुमारास त्याच पत्रात मार्गारेट पेदरब्रिज नावाची एक तरुण पदवीधर बाई कामास लागली आणि कोडी निवडण्याचे काम तिच्या वाट्यास आले. ती प्रथम चौकट दिसावयास बरी आहे एवढेच पाहून कोडे छापावयास देत असे. सोडवून पाहत नसे. आकडे चुकत, संकेत गळत, वाचकांच्या तक्रारी येत. फ्रँकलिन पी. ॲडम्स हे त्याच कचेरीतील प्रसिद्ध स्तंभलेखक. ते रोज येऊन या चुका तिच्यापुढे वाचून दाखवू लागले. अखेर तिने स्वतः एक कोडे सोडवावयास घेतले. ते सुटेना, आणि ते आपल्या अकलेच्या उणिवेने नव्हे तर छापील चुकांमुळे सुटत नाही, हे तिच्या ध्यानात आले. त्या दिवशी तिने शब्दकोशावर हात ठेवून शपथ घेतली असे सांगतात. पुढे चौकटीची सममिती, आकड्यांची सोपी पद्धत वगैरे जे नियम आज सर्वांस स्वाभाविक वाटतात ते पुष्कळसे तिच्या हातून घडले. १९२४ मध्ये निघालेल्या पहिल्या शब्दकोड्यांच्या पुस्तकाची ती एक संपादक होती. विवाहानंतर मार्गारेट फरार या नावाने ती १९४२ पासून १९६९ पर्यंत 'न्यू यॉर्क टाइम्स'ची कोडी सांभाळीत होती. कोडे छापण्यापूर्वी कोणीतरी ते कोरी चौकट घेऊन सोडवून पाहिले पाहिजे, हा धडा तिला फजितीतून मिळाला. आपणांस तो फुकट मिळत आहे.

त्या पत्राने टपालाने कोडी घेण्याचा जो प्रघात ठेवला होता तो आपल्या उपयोगाचा आहे. रिकामी पण आकडे घातलेली चौकट एका कागदावर. उत्तरे भरलेली चौकट दुसऱ्यावर. आणि तिसऱ्या कागदावर संकेत, ओळींत भरपूर अंतर सोडून, डावीकडे आकडा व संकेत, उजवीकडे त्याच ओळीत उत्तर. आता तेथील पाठवणी संगणकावरून होते, पण मागणी तीच आहे. संपादकाची परीक्षा घेण्यासाठी आपण कोडे पाठवीत नसतो. त्यास एका दृष्टिक्षेपात सारे पडताळता यावे यासाठीच उत्तर द्यावयाचे. मराठी कोड्यात या तिसऱ्या कागदावर संकेतापुढे अक्षरसंख्याही कंसात लिहावी. घरे मोजताना होणारी चूक तेथेच उघडी पडते. आडवे शब्द सारे आधी, उभे शब्द नंतर. दोहोंची सरमिसळ नको.

उत्तर लपविण्याने काय होते याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडून गेलेले आहे, आणि ते पालकांपैकी वडीलधाऱ्यांच्या ऐकण्यात असेल. शब्दकोड्यांच्या मोठमोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा एके काळी फार बोकाळल्या होत्या. त्यांतील संकेत असा असे की दोन शब्द सारखेच बसावेत; बरोबर कोणता, तर आधी मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल तो. प्रवेशफी भरून लोक नशिबाची परीक्षा पाहत. मुंबई राज्याने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५५ मध्ये केंद्राने कायदा करून महिन्यास एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धा बंद केल्या. बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून स्पर्धा चालविणारे आर. एम. डी. चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे १९५७ मध्ये निर्णय झाला की ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारच होय, आणि जुगारास व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. शाळकरी मुलाच्या कोड्यास न्यायालयाचे भय नाही, हे खरे. पण ज्या संकेतास दोन उत्तरे तितकीच शोभतात तो संकेत सोडविणाऱ्याशी प्रामाणिक नव्हे, आणि उत्तर शेजारी लिहिल्यावाचून रचणाऱ्यास ते सहसा उमगत नाही.

शब्द कोठून घेतला हेही सांगता आले पाहिजे. इंग्लंडातील लेनर्ड डॉ नावाचे एक मुख्याध्यापक 'डेली टेलिग्राफ'साठी कोडी रचीत. मे १९४४ मध्ये त्यांच्या कोड्यांतून 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' असे शब्द येऊ लागले. हे सारे नॉर्मंडीवरील येऊ घातलेल्या स्वारीचे गुप्त संकेतशब्द होते! गुप्तचर खात्याने त्यांची चौकशी केली. निष्पन्न काही झाले नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, मुख्याध्यापक रिकाम्या चौकटी मुलांकडून शब्दांनी भरून घेत असत, आणि आपण जवळच्या छावणीतील सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांत घातले. आमच्या मुलांच्या हाती अशी लष्करी गुपिते लागण्याचा संभव नाही. 'चुडत' हा शब्द मात्र घाटावरील संपादकास गुपितच वाटेल. म्हणून बोलीतील शब्द असेल तर त्याचा अर्थ व तो कोठे बोलला जातो ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त तो असेल तर तसे नमूद करावे. त्या कोशाचे मूळ खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि प्रांतोप्रांतीचे बोलीशब्द त्यांत आस्थेने घेतलेले आहेत. कोशात नसेल तर आजोबांचा दाखला द्यावा; तो काही कमी प्रतीचा नव्हे.

पालकांस एक विनंती. मुलाचे कोडे आपण टंकून देऊ नये, दुकानात टंकून घेऊ नये. मुलावर माया आहे म्हणूनच आपण हे करता, हे मी जाणतो. पण मुद्रणप्रत स्वतः करतानाच त्यास आपल्या चुका भेटतात, आणि आपण ते काम उचलले की ती भेट चुकते. आपण करावयाचे काम दुसरे आहे. त्याने कोरी चौकट पुढे केली की पेन्सिल घेऊन बसावे, अडलो तर अडलो म्हणून सांगावे, आणि त्याने उत्तर सांगितले तर कान झाकून घ्यावेत.

यावर उत्तर येईल की हल्ली संगणकावर चौकट आपोआप आखली जाते, आकडे आपोआप पडतात. पडतात खरे. परंतु 'धु' आणि 'धू' यांतील भेद मोडून शब्द बसविला तो मुलाने. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद जाणावयाचा तो वाचणाऱ्याने. आणि सावली पडलेले घर काळे की पांढरे हे यंत्रास कोणी विचारलेच नव्हते.

त्या मुलाविषयी सांगावयाचे राहिले. यंदा तो अकरावीत आहे. पावसाळ्यात एके दिवशी तो तीन कागद घेऊन आला. 'साधू' काढून टाकलेला होता. त्यासाठी चौकटीचा एक कोपराच त्याने नव्याने रचला होता. कोरी चौकट आजोबांकडून आधीच सोडवून घेतली होती. एका संकेतापुढे आजोबांच्या थरथरत्या अक्षरांत 'ह्यां बरोबर नाय' असा शेरा होता व तो संकेत बदललेला होता. मी दोन दिवस कागद ठेवून घेतले, सारी घरे मोजली, आणि या खेपेस 'छान आहे' म्हणण्यापूर्वी तीन वेळा पाहिले. ते कोडे याच अंकात दिलेले आहे.

पुढील वार्षिकासाठी ज्यांस कोडी द्यावयाची असतील त्यांनी ती दिवाळीच्या सुट्टीपूर्वी माझ्याकडे आणून द्यावीत. रिकामी चौकट, भरलेली चौकट व संकेतपत्र असे तीन कागद असावेत, लिखाण एकाच बाजूस असावे, आणि ज्याने कोडे सोडवून पाहिले त्या घरच्या माणसाचे नाव खाली लिहिलेले असावे.